पगार थांबला, तेव्हाच विमान थांबले होते

ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे १९०० कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसवले होते. त्यांत बहुतेक नुकतीच नोकरीला लागलेली तरुण मुले-मुली होती. अंगावरच्या गणवेशानिशी ती रस्त्यावर उतरली, राज ठाकरे यांच्याकडे गेली, आणि या मुलांना परत घेतल्याशिवाय मुंबईतून जेटचे विमान उडू देणार नाही असा इशारा मनसेने दिला. दोन-तीन दिवसांच्या आत कंपनीचे अध्यक्ष नरेश गोयल पत्रकारांसमोर आले आणि सगळ्यांना कामावर परत घेत असल्याचे त्यांनी जाहीर केले.

साडेदहा वर्षांनी, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून निघालेले जेटचे शेवटचे विमान मध्यरात्रीनंतर मुंबईला उतरले आणि कंपनीच बंद पडली. कायम आणि कंत्राटी कर्मचारी धरले तर वीस हजारांच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या त्यात गेल्या. मुंबईचे लोकसभेचे मतदान २९ एप्रिलला होते. म्हणजे प्रत्येक पक्ष त्या दिवसांत शहरात गल्लोगल्ली मते मागत फिरत होता. तरीही काही झाले नाही, आणि होणारही नव्हते. २००८ मध्ये जाब विचारायला समोर मालक होता. २०१९ मध्ये गोयल तीन आठवडे आधीच संचालक मंडळावरून पायउतार झालेले होते. बँकांचे म्हणणे असे की आम्ही सावकार आहोत, विमाने चालवणे आमचे काम नाही. सरकारचे म्हणणे असे की हा कंपनी आणि बँका यांच्यातला व्यवहार आहे. मोर्चा न्यायचा तरी कोणाच्या दारावर?

बंद पडलेल्या विमान कंपनीला वाचवायला निघालेला कायदा नेहमीच उशिरा पोहोचतो. म्हणून कंपनी उडत असतानाच, तिने पहिला पगार थकवला त्याच महिन्यात, सरकारी यंत्रणेने आत शिरले पाहिजे. मालकाची कंपनी वाचवण्यासाठी नव्हे, तर तिच्यावर विसंबलेल्या माणसांचे पैसे वेळेत वेगळे काढण्यासाठी. जेटच्या प्रकरणातून आपण हे शिकायला हवे होते. २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली तेव्हा दिसले की आपण ते शिकलेलो नाही.

जेटची वाढ कशी झाली हे थोडे सांगायला हवे, कारण पडझडीची बीजे तिथेच आहेत. १९५३ च्या कायद्याने देशातली हवाई वाहतूक सरकारी मक्तेदारी झाली होती. नव्वदीच्या सुरुवातीला खासगी कंपन्यांना 'एअर टॅक्सी' म्हणून परवानगी मिळाली आणि ५ मे १९९३ रोजी जेटने भाड्याने घेतलेल्या चार बोइंग ७३७ विमानांनिशी मुंबईतून सेवा सुरू केली. गोयल मूळचे परदेशी विमान कंपन्यांची तिकिटे विकणारे एजंट, त्यामुळे प्रवाशाला काय हवे असते ते त्यांना पक्के ठाऊक होते. त्या काळात इंडियन एअरलाइन्सच्या विमानाची वाट पाहत सांताक्रूझला तास-तास बसलेल्या माणसाला जेटची वक्तशीर विमाने, ताजे जेवण आणि हसून बोलणारे कर्मचारी ही मोठीच नवलाई होती. त्यांनी भारतीय हवाई प्रवासाची पातळी उंचावली, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. सोबत सुरू झालेल्या ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी या कंपन्या १९९७ पर्यंत नाहीशा झाल्या. जेट टिकली.

टिकली ती केवळ गुणवत्तेवर, असे मात्र म्हणता येणार नाही. सुरुवातीला गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज यांचे प्रत्येकी वीस टक्के भांडवल जेटमध्ये होते. १९९७ मध्ये देशांतर्गत कंपन्यांमध्ये परदेशी विमान कंपन्यांनी भांडवल घालायला बंदी आली. त्या दोघी बाहेर पडल्या, आणि सिंगापूर एअरलाइन्सला सोबत घेऊन उतरू पाहणाऱ्या टाटांचा मार्गही त्याच नियमाने बंद झाला. पुढे परदेशी उड्डाणांसाठी पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमाने हवीत अशी अट आली. ती पूर्ण करू शकणाऱ्या खासगी कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि जेट त्यांत होती. नव्या स्पर्धकांना अडवणाऱ्या भिंती सरकारी धोरणाने उभ्या केल्या आणि त्या भिंतींच्या आत ही कंपनी वाढली. म्हणूनच संकटकाळी 'ही तर खासगी कंपनी' म्हणून हात झटकण्याचा अधिकार सरकारला नव्हता, असे मला वाटते. जिच्या वाढीत धोरणाचा हात आहे तिच्या पडण्यातही धोरणाची जबाबदारी आहे.

२००५ मध्ये जेटचा शेअर ११०० रुपयांना बाजारात आला. त्याच सुमारास गणित बदलायला लागले. २००७ मध्ये जेटने एअर सहारा १४५० कोटी रुपयांना घेतली. वेगळी विमाने, वेगळी कार्यपद्धती आणि वर न्यायालयीन वाद, असा तो सौदा होता. त्याच काळात लांब पल्ल्याची मोठी विमाने आली, ब्रसेल्सला तळ उघडला. लगेच २००८ मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले आणि पाठोपाठ जागतिक मंदी आली. ते १९०० कर्मचारी याच धक्क्यात काढले गेले होते. दुसरीकडे २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली इंडिगो एकाच प्रकारची विमाने, एकच वर्ग, विकत घेतलेच तर खायला, एवढ्या साध्या हिशेबावर वाढत होती. तिच्याशी झुंजायला जेटने स्वस्त सेवेचे उपब्रँड काढले. मग एकाच कंपनीच्या एका विमानात जेवण मिळायचे आणि दुसऱ्यात मिळायचे नाही, आणि आपण नेमके कशाचे पैसे दिले हे प्रवाशाला कळेनासे झाले. २०१२ मध्ये इंडिगो पुढे निघून गेली.

२०१३ मध्ये अबुधाबीच्या एतिहादने दोन हजार कोटींहून अधिक रुपये मोजून २४ टक्के हिस्सा घेतला. त्या पैशाने पाच-सहा वर्षे मिळाली, पण दुखणे बरे झाले नाही. विमानाच्या इंधनावरचा करही होताच. त्या काळात मुंबई-पुण्यात विमानात इंधन भरले की राज्य सरकार २५ टक्के व्हॅट घेत असे. २०२३ च्या अर्थसंकल्पात तो १८ टक्क्यांवर आणला गेला. हे इंधन आजही जीएसटीच्या बाहेर आहे. पण त्याच इंधनावर आणि त्याच करावर इंडिगोही उडत होती, तेव्हा सगळा दोष कराच्या माथी मारून चालणार नाही. जेट चुकीच्या निर्णयांनी बुडाली. खासगी कंपनीला चुकण्याचा आणि बुडण्याचाही अधिकार आहे, आणि जनतेच्या पैशाने तिला तारावे असे माझे अजिबात म्हणणे नाही.

माझा आक्षेप आहे तो ऑगस्ट २०१८ ते एप्रिल २०१९ या नऊ महिन्यांना.

९ ऑगस्ट २०१८ रोजी जेटच्या संचालक मंडळाने तिमाही निकाल पुढे ढकलले. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीने निकाल पुढे ढकलणे ही काही लपूनछपून झालेली गोष्ट नव्हती. महिनाअखेरीस निकाल आले आणि त्यांत एका तिमाहीचा तोटा होता १३२३ कोटी. त्याच सुमारास वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार रखडायला लागले. मग ते हप्त्याहप्त्याने मिळू लागले, मग हप्तेही चुकू लागले. ३१ डिसेंबरला बँकांचा हप्ता चुकला. विमानांचे भाडे थकले तसे भाड्याने देणाऱ्यांनी एकेक विमान जमिनीवर उतरवले. १९ मार्च २०१९ रोजी डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, स्वतःच सांगितले की जेटची फक्त ४१ विमाने चालू आहेत. ताफा होता एकशेवीसच्या घरात. विमानांची देखभाल करणाऱ्या अभियंत्यांच्या संघटनेने त्याच सुमारास डीजीसीएला पत्र लिहून कळवले होते की तीन महिने पगार नाही आणि या मानसिक ताणाचा परिणाम सुरक्षेवर होऊ शकतो. डीजीसीएचा आदेश काय होता? ज्या कर्मचाऱ्याने ताण असल्याचे सांगितले असेल त्याला ड्युटी लावू नका.

या आदेशाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. तीन महिने ज्याच्या घरी पगार गेलेला नाही अशा माणसाने विमान उडवण्यालायक असल्याची सही करायची, आणि त्याला ताण असेल तर तो त्याने स्वतः सांगायचा. सांगितले तर ड्युटी नाही, आणि ड्युटी नाही तर थकलेला पगार मागायला तोंड उरत नाही. नियामकाने पगाराच्या थकबाकीला कर्मचाऱ्याची खासगी अडचण मानले. खरे तर ती कंपनीच्या प्रकृतीची सगळ्यांत आधी मिळणारी आणि सगळ्यांत खात्रीची खूण होती. ताळेबंद तीन महिन्यांनी येतो, लेखापरीक्षण वर्षाने होते. पगार दर महिन्याला होतो किंवा होत नाही, आणि त्यात कोणाला काही झाकता येत नाही.

शेवटचे तीन आठवडे तर कायद्याच्या पोकळीतच गेले. २५ मार्चला नरेश आणि अनिता गोयल संचालक मंडळातून बाहेर पडले. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालच्या बँकांनी कर्जाचे शेअरमध्ये रूपांतर करून कंपनीचा ताबा घ्यायचा आणि १५०० कोटी घालायचे, असे ठरले होते. थकीत कर्जांबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रकाच्या चौकटीत ही योजना बसवलेली होती, आणि २ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रकच रद्द केले. योजना अधांतरी राहिली, पैसे आलेच नाहीत. १० एप्रिलला ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर जेटचे एक बोइंग ७७७ मालवाहतुकीचे काम पाहणाऱ्या एका कंपनीने थकबाकीपोटी अडकवून ठेवले. दुसऱ्या दिवशी परदेशी उड्डाणे थांबली, आणि आठवड्याभरात सगळीच.

ॲमस्टरडॅमच्या त्या कंपनीकडे एक हत्यार होते. तिचे पैसे थकले, तिने विमान अडवले. मुंबईच्या सहार विमानतळावर सामान चढवणारा लोडर, नालासोपारा किंवा बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून काउंटरवर उभी राहणारी मुलगी, हँगरमधला मेकॅनिक यांचेही पैसे थकलेच होते. त्यांच्या हातात अडवून ठेवण्यासारखे काहीच नव्हते. संप केला तर कंपनी तुमच्यामुळे बुडाली असे म्हणायला लोक मोकळे. म्हणून ती माणसे शेवटच्या दिवसापर्यंत बिनपगारी कामावर येत राहिली. त्यांच्या त्या निष्ठेची नंतर काय किंमत झाली ते पाहू.

जून २०१९ मध्ये प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दाखल झाले. नादारी व दिवाळखोरी संहितेच्या ५३ व्या कलमात पैसे वाटपाचा क्रम दिला आहे. प्रक्रियेचा खर्च सगळ्यांच्या आधी. मग तारणी धनको, म्हणजे मुख्यतः बँका, आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांची चोवीस महिन्यांची देणी. त्यांच्या खाली बाकी कर्मचाऱ्यांचा बारा महिन्यांचा पगार. म्हणजे लोडरचा पर्यवेक्षक म्हणून बढती मिळालेला माणूस कायद्याच्या नजरेत 'कामगार' उरत नाही, आणि रांगेत एक पायरी खाली घसरतो. ज्याने सहा महिने आधी गणपतीला गावी जायचे तिकीट काढले होते तो प्रवासी कुठे आहे? थेट तळाशी, 'इतर देणी' या गठ्ठ्यात. त्याने कंपनीला कर्ज दिलेच नव्हते. न घेतलेल्या सेवेचे पैसे त्याने आगाऊ भरले होते, आणि ते पैसे कंपनीने आदल्या महिन्याचे इंधन भरायला वापरले.

भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी तर या वाटपात येतच नाहीत. ते कामगारांचे स्वतःचे पैसे आहेत, हे कायद्यात स्पष्ट आहे. तरीही जेटच्या कर्मचाऱ्यांना त्यासाठी अपिलात जावे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. निवृत्तीला आलेल्या माणसाला स्वतःच्याच पैशांवरचा हक्क सिद्ध करायला पावणेचार वर्षे लागतात, याला दिवाळखोरीची यशस्वी प्रक्रिया म्हणता येणार नाही.

दरम्यान पुनरुज्जीवनाची आशा लांबत राहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये धनकोंनी जालान-कालरॉक गटाची योजना स्वीकारली, जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने ती मंजूर केली, मे २०२२ मध्ये उड्डाणाचा परवानाही पुन्हा मिळाला. विमान मात्र एकही उडाले नाही. ठरलेले ३५० कोटी भरले का, बँक हमी त्यात धरायची का, ताबा कधी द्यायचा, यावरच वाद चालला. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालचे विशेष अधिकार वापरून कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. साडेपाच वर्षांनी. गोयल यांना सप्टेंबर २०२३ मध्ये ईडीने कॅनरा बँकेच्या कर्जप्रकरणात अटक केली होती. त्या आरोपांचे खरे-खोटे न्यायालय ठरवील, आणि मालक दोषी ठरला किंवा निर्दोष सुटला तरी लोडरच्या पासबुकात त्याने फरक पडत नाही.

मुंबईला कारखाने बंद पडण्याचा अनुभव नवा नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा मागे निदान जमीन उरली होती. त्या जमिनीवर बोट ठेवून गिरणी कामगारांना घरांचा हक्क मागता आला, विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तो तुटपुंजा का होईना मान्यही झाला. विमान कंपनी बंद पडली की काय उरते? विमाने बहुतेक भाड्याची. विमानतळावर उतरण्याच्या-निघण्याच्या वेळा, ज्यांना स्लॉट म्हणतात, त्या कंपनीच्या मालकीच्या नसतात. जेट थांबल्यावर मुंबई-दिल्लीतले तिचे स्लॉट काही आठवड्यांत दुसऱ्यांना वाटले गेले. ज्या वैमानिकांना आणि अभियंत्यांना शक्य होते ते दुसरीकडे गेले. उरलेली माणसे आणि धावपट्टीच्या कडेला उभी असलेली काही विमाने, एवढाच ऐवज न्यायाधिकरणापुढे होता. उडत्या विमान कंपनीला किंमत असते. थांबलेलीला जवळपास काहीच नसते. किंगफिशरने हेच आधी दाखवून दिले होते. २०१२ मध्ये ती बंद पडली, आणि विलेपार्ल्याचे तिचे मुख्यालय 'किंगफिशर हाउस' २०१६ पासून लिलावात पुन्हा पुन्हा मांडले गेले. दीडशे कोटींची राखीव किंमत घेऊन सुरू झालेली ती वास्तू २०२१ मध्ये बावन्न कोटींना गेली. नऊ हजार कोटींच्या कर्जापुढे एक इमारत, आणि तीही इतक्या उशिरा.

२०१७ मध्ये जर्मनीतली एअर बर्लिन बुडाली, तेव्हा तिथल्या सरकारने वेगळा रस्ता धरला. ऑगस्टमध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला, त्याच दिवशी १५ कोटी युरोंच्या तात्पुरत्या कर्जाची घोषणा झाली, आणि विमाने ऑक्टोबरअखेरपर्यंत उडत राहिली. उन्हाळी सुट्टीवर गेलेले प्रवासी घरी परतले. लुफ्थान्सा आणि इझीजेट यांनी विमाने आणि स्लॉट घेतले ते कंपनी जिवंत असताना घेतले. त्या कर्जावर टीका झाली, आणि सगळ्यांच्या नोकऱ्याही वाचल्या नाहीत. पण कोसळणे आणि आवरते घेणे यांत फरक असतो. ब्रिटनमध्ये सहलीच्या पॅकेजवर माणशी अडीच पौंड घेऊन एक निधी राखला जातो. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक बुडाली तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख लोकांना तिथल्या हवाई प्राधिकरणाने परत आणले.

आपल्याकडे हे का होऊ नये? लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या 'उडान' योजनेसाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांकडून शुल्क घेतले जातेच. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी सोळा कोटींवर लोकांनी प्रवास केला. तिकिटामागे दहा रुपये घेतले तरी वर्षाला १६० कोटींचा निधी उभा राहतो. कंपनी थांबली की अडकलेल्या प्रवाशांना घरी आणायला आणि कर्मचाऱ्यांचा दोन-तीन महिन्यांचा पगार तातडीने द्यायला त्यातून सुरुवात होऊ शकते. ज्या कंपनीने सलग तीस दिवस पगार, भविष्य निर्वाह निधी किंवा विमानांचे भाडे थकवले, तिच्या पुढच्या तिकिटांचे पैसे प्रवास पूर्ण होईपर्यंत वेगळ्या विश्वस्त खात्यात राहावेत, आणि तिच्या रोजच्या पैशावर बाहेरचा देखरेख अधिकारी नेमावा.

यावर विमान कंपन्या म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, की अशी नोटीस लागली की प्रवासी पळतील आणि आजारी कंपनी त्या बातमीनेच मरेल. पण प्रवासी पळतात ते पैसे बुडतील या भीतीने. पैसे विश्वस्त खात्यात सुरक्षित आहेत हे कळले तर ती भीती उरत नाही. उलट अडचणीतल्या कंपनीचे तिकीट काढायला धीर येतो. आगाऊ पैशांवर धंदा चालवण्याची सवय मोडली तर तिकिटे थोडी महागतील, हेही खरे. मला ती किंमत मान्य आहे. स्वस्त तिकिटाचा खर्च आज जो माणूस पगार न घेता उचलतो, त्याच्यावरून तो उतरून सगळ्या प्रवाशांत वाटला जाईल. आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो की विमानक्षेत्र वाढते आहे, कर्मचाऱ्यांना दुसरीकडे काम मिळतेच. वैमानिकाला मिळते. पंधरा वर्षे एकाच कंपनीच्या काउंटरवर काढलेल्या पंचेचाळिशीतल्या बाईला, बॅगा उचलून पाठ धरलेल्या लोडरला ते मिळते असे मला दिसले नाही.

आणि सरकारला वेगाने कायदा करता येत नाही, असे कोणी म्हणू नये. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कंपनीकडून काही वसूल करायला किंवा परत न्यायला जी स्थगिती लागते, तिच्यामुळे भाड्याने विमाने देणाऱ्या परदेशी कंपन्यांना आपली पन्नासहून अधिक विमाने नेता येईनात. पाच महिन्यांत केंद्राने अधिसूचना काढली की विमानांना ही स्थगिती लागू नाही. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विमानांची नोंदणी रद्द करायला लावली. २०२५ मध्ये संसदेने विमाने भाड्याने देणाऱ्यांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदाच केला. तो कायदा चुकीचा नाही. त्याच्याशिवाय भारतीय कंपन्यांना विमाने महाग मिळतील. पण दोन वर्षांत आयर्लंडमधून विमाने भाड्याने देणाऱ्याचा हक्क जर इतका पक्का करता येतो, तर सहारच्या लोडरचा का नाही? एकाच बुडालेल्या कंपनीचे हे दोघे धनको आहेत. एकासाठी अधिसूचना, निकाल आणि कायदा, आणि दुसऱ्यासाठी ५३ व्या कलमातली तीच जुनी रांग. गो फर्स्टही जानेवारी २०२५ मध्ये मोडीत निघाली.

घाई का करावी, तर आता बाजाराचे चित्र पालटले आहे. जेट पडली तेव्हा तिची जागा घ्यायला चार-पाच कंपन्या होत्या. आज देशांतर्गत दहापैकी नऊ प्रवासी इंडिगो किंवा एअर इंडिया समूह या दोघांच्याच विमानांत बसतात. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. सरकारला भाड्यांवर कमाल मर्यादा घालावी लागली, आणि सुरक्षेसाठी केलेल्या त्याच नियमांतून कंपनीला तात्पुरती सूट द्यावी लागली, कारण पर्याय म्हणून दुसरी कंपनीच नव्हती. हे नफ्यात असलेल्या, पगार वेळेवर देणाऱ्या कंपनीच्या नियोजनातल्या चुकीमुळे झाले. एवढ्या आकाराची कंपनी पैशाअभावी थांबली तर डीजीसीएच्या हातात कोणते साधन आहे?

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे आणि त्याखाली नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. प्रत्येक विमान कंपनीने पगार, भविष्य निर्वाह निधी आणि भाडे कोणत्या तारखेला दिले याचे मासिक विवरण मागवून ते जाहीर करणे, ही या दिशेची पहिली पायरी आहे. मुंबईतून सहा खासदार निवडून जातात. ठाणे, कल्याण आणि पालघरचे मिळून आणखी तीन. विमानतळावर राबणारी बहुसंख्य माणसे यांच्याच मतदारसंघांत राहतात. देशातल्या कोणत्या विमान कंपनीने गेल्या बारा महिन्यांत भविष्य निर्वाह निधी मुदतीत भरलेला नाही, हा एक प्रश्न त्यांनी येत्या अधिवेशनात लेखी विचारावा आणि मंत्र्यांचे उत्तर कंपनीच्या नावानिशी पटलावर यावे.